तेरचा वल्हेकरी

आमच्या तेरमध्ये कुणाच्याही घरी होडी नव्हती. पावसाळ्यात तेरणेला पूर आला आणि पलीकडं जाणं अगदी अडलंच, तर गुऱ्हाळातली काहील बाहेर काढत. उसाचा रस उकळायची ती भली मोठी पसरट कढई. ती पाण्यात सोडायची, आत दोघातिघांनी उकिडवं बसायचं आणि पोहणाऱ्या एखाद्यानं मागून ढकलत न्यायचं. माझी अव्वा, म्हणजे आई, त्या काहिलीत एकदाच बसली होती. ती आळंदकडची, कानडी मुलखातली. त्या एका खेपेनंतर तिनं पुराच्या पाण्याचं नाव टाकलं आणि मला पोहायला शिकवू नये म्हणून माझ्या वडिलांशी, अप्पांशी भांडली. अप्पांनी ऐकलं नाही. नदीकाठी राहायचं आणि पोहता येत नाही, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

आमचं धान्याचं दुकान होतं. पोती उतरवायची, थप्पीला लावायची, पुन्हा गाडीत भरायची, हे मी मिसरूड फुटायच्या आधीपासून करत आलो. त्यामुळं खांदे आणि पाठ तयार झाली होती, पण तिचा दुसरा काही उपयोग असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. धाराशिवच्या शाळेत उर्दूतून शिकलो, परीक्षा बऱ्यापैकी पास झालो आणि अप्पांनी मला पुण्याच्या कॉलेजात पाठवायचं ठरवलं. तेरच्या स्टेशनातून छोटी गाडी निघाली तेव्हा अव्वा सारखं एकच सांगत होती, "वेळेवर जेवत जा." बाकी पुण्याबद्दल सांगण्यासारखं तिला काही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

कॉलेजला नदीकाठी बोट क्लब होता. पहिल्याच महिन्यात मी तिथं गेलो तो निव्वळ पाणी बघायला, कारण गावाची आठवण यायची. घाटावर चार मुलं एक लांबलचक बोट डोक्यावर उचलून पाण्याकडं नेत होती. त्यातला एक ठेचाळला आणि बोट कलली. मी धावत जाऊन खांदा दिला, पोत्याला देतात तसा. त्यांना शिकवणारे एक वयस्कर पारशी गृहस्थ सायकल धरून उभे होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठला रे तू?"

"तेरचा. उस्मानाबाद जिल्हा."

"म्हणजे मोगलाईतला." पुण्यात तेव्हा निजामाच्या सगळ्या मुलखाला मोगलाईच म्हणत. "पोहता येते?"

"येतं की."

"मग उद्या पहाटे ये. खाऊन येऊ नको."

एवढ्यावर माझं वल्हवणं सुरू झालं.

ती बोट काहिलीसारखी नव्हती. लाकडाची साल इतकी पातळ, की टाच चुकीच्या जागी टेकली तर भोक पडावं. बसायच्या फळीला खाली चाकं, त्यामुळं ती रुळांवर मागंपुढं सरकायची. चौघांनी एकामागं एक बसायचं, प्रत्येकाच्या हातात एकच लांब वल्हं, आणि समोर दोऱ्या धरून एक किडकिडीत मुलगा सुकाणूवर. पहिले काही आठवडे मी नुसता शक्तीनं ओढत होतो. मास्तर काठावरून सायकल चालवत भोंग्यातून ओरडायचे, "ए मोगलाई! पोता नाय उचलायचा! पाण्याला माहीत पण नाय पडला पाहिजे!" माझे तळहात फुटले, फोडांवर पुन्हा फोड आले. पण ज्या दिवशी आमची चारही वल्ही एकदम पाण्यात शिरली, एकदम बाहेर आली आणि बोटीखाली बारीक सळसळ ऐकू आली, त्या दिवशी मला जे वाटलं ते मी अजून कुणाला नीट सांगू शकलेलो नाही.

घाई करू नये म्हणून मी मनात कानडीत मोजायचो. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. अव्वानं धान्य मापताना तसंच मोजत मला अंक शिकवले होते. एकदा ते तोंडातून मोठ्यानं निघालं. बाकीचे हसले, पण लय बरी बसली म्हणून सुकाणूवरच्या मुलानं तेच उचललं. पुढं आमची बोट काठाजवळून गेली की कोल्हापूर, नगर आणि नाशिकची पोरं कानडी आकड्यांवर वल्ही मारताना लोकांना ऐकू यायची.

अप्पांना मी सुट्टीत सगळं सांगितलं होतं. त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले. "अभ्यास होतो का?" एवढंच विचारलं. होतो म्हटल्यावर म्हणाले, "मग माझी इजाजत हाय. अव्वाला मात्र नदी म्हणू नको, तलाव म्हण." अव्वाला तलावही आवडला नाही, पण तिनं जाताना डब्यात शेंगदाण्याचे लाडू जास्त भरले.

महायुद्ध संपलं, बंद पडलेल्या शर्यती परत सुरू झाल्या. आम्ही मद्रासला गेलो, कलकत्त्याला गेलो. मी पदवी घेऊनही पुण्यातच एका शाळेत शिकवायला राहिलो, कारण आमची चौकडी आता जमून आली होती. मग देश स्वतंत्र झाला, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात कोलंबोच्या शर्यतींचं बोलावणं आलं. आगगाडीनं धनुष्कोडी, तिथून आगबोटीनं पलीकडं आणि पुन्हा आगगाडी. समुद्र मी पहिल्यांदा तेव्हा ओलांडला, आणि सगळा वेळ कठड्याला धरून ओकत होतो. सोबत्यांनी आयुष्यभर त्याची आठवण काढली.

कोलंबोत रस्तोरस्ती पताका होत्या. सिलोनलाही त्याच सुमारास स्वातंत्र्य मिळालं होतं. तळ्याकाठी प्रत्येक संघाचं निशाण लावलेलं. तिथला एक हसतमुख गृहस्थ आमच्याशी हस्तांदोलन करत विचारत होता, कोण कुठला. माझी पाळी आली तेव्हा मला उत्तर जमेना. सोबती भारताचे होते. मी ज्या गावचा होतो ते गाव अजून निजामाच्याच राज्यात होतं. सुकाणूवरचा मुलगा पुढं होऊन म्हणाला, "हा आमच्या बोटीतला आहे." गृहस्थाला तेवढं पुरलं. मलाही पुरलं.

पहिल्या फेरीत आम्ही रंगूनच्या संघाला मागं टाकलं. अंतिम शर्यतीत एका बाजूला कोलंबोचाच संघ होता आणि दुसऱ्या बाजूला मद्रासचा. अर्ध्यापर्यंत आम्ही पुढं होतो. सगळं आमच्या मनासारखं चाललेलं असताना माझ्या वल्ह्याचं पातं तिरकं पाण्यात शिरलं. असं झालं की पाणी वल्हं धरून ठेवतं, सोडत नाही. मूठ उलटून माझ्या बरगडीत बसली, वल्हं आडवं झालं आणि मधोमध तडकलं. बोट जागच्या जागी लचकली. दोन्ही संघ आमच्या बाजूनं निघून गेले. आम्ही उरलेल्या तीन वल्ह्यांवर कसेबसे पोहोचलो, सगळ्यांच्या शेवटी.

आम्ही बोट उचलून जागेवर ठेवली. आमच्यात पहिल्या जागेवर बसणारा कोल्हापूरचा मुलगा फक्त म्हणाला, "चल, जेवायला." ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं. परतीच्या प्रवासात मी ठरवून टाकलं होतं, की आता बोटीला हात लावायचा नाही. मास्तरांनी तडकलेलं वल्हं कापून पुरुषभर उंचीचं केलं आणि माझ्या हातात दिलं. "घरी घेऊन जा," म्हणाले. "भिंतीवर लाव. सगळ्याच वल्हेकऱ्याचा एक तरी तुटते."

त्याच उन्हाळ्यात गावाकडून येणाऱ्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं अप्पांचा निरोप आणला. मुलखात धामधूम माजली होती. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरत होत्या, लोक कुटुंबं घेऊन सोलापूर-बार्शीकडं निघून चालले होते. अप्पा दुकान सोडून जायला तयार नव्हते आणि घरात जवान माणूस हवा होता. मी शाळा सोडली आणि निघालो.

सरहद्दीवर गाडी थांबली, तिथं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. येणाऱ्याजाणाऱ्या मालाची तिथं झडती व्हायची, आणि त्या दिवसांत माणसांचीही. शिपायानं माझं सामान पाहिलं. फडक्यात गुंडाळलेलं वल्हं त्यानं दोन्ही हातांनी उचललं आणि त्याचा चेहरा बदलला. त्यानं अंमलदाराला हाक मारली. अंमलदार आला, फडकं सोडलं, पातं बोटानं वाजवून पाहिलं.

"ये क्या चीज है?"

"वल्हं आहे, साहेब. नाव चलाने का."

"कहाँ जा रहे हो?"

"तेर."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "तेर में कौन सा दर्या है?"

तेरला दर्या नव्हताच. साधी काठी बाळगली म्हणून लोकांना बसवून ठेवल्याचं ऐकलं होतं. मी माझे तळहात पुढं केले आणि मद्रास, कलकत्ता, कोलंबो सगळं सांगितलं. हरलो तेही सांगितलं. का कोण जाणे, हरल्याचं सांगितल्यावर त्याचा विश्वास बसला. तो हसायला लागला, शिपायाला म्हणाला, "जाने दो. हारनेवाला झूठ नहीं बोलता." गाडी सुटेपर्यंत मी वल्हं पुन्हा फडक्यात गुंडाळत बसलो होतो. सुटली तेव्हा समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं न विचारता मला पाण्याचा तांब्या दिला.

गावात माझ्या हरण्याचं कुणालाच काही वाटलं नाही. समुद्र ओलांडून आला, एवढंच सगळे बोलत होते. वल्हं मी भिंतीला टेकवून ठेवलं आणि पुन्हा पोती उतरवायला लागलो.

माझी धाकटी बहीण नदीपलीकडच्या गावात दिलेली होती. तिचं पहिलं बाळंतपण होतं. माहेरी आणायचं ठरलं होतं, पण रस्त्यांची धास्ती म्हणून आज-उद्या करत राहिलं, आणि श्रावणात तेरणा चढली. एका सकाळी पलीकडच्या काठावरून दाजी, म्हणजे तिचा नवरा, ओरडताना दिसले. पाण्याच्या आवाजात निम्मं कळत नव्हतं, पण मतलब कळला. वेणा सुरू झाल्या होत्या, मूल आडवं होतं आणि सुईणीनं हात टेकले होते. दवाखाना आमच्या काठावर, गावात. तिथल्या सरकारी डॉक्टरांनी पाणी पाहिलं आणि अप्पांना स्पष्ट सांगितलं, "मला तिकडं नेऊन उपयोग नाही, सामान सगळं इथं आहे. लडकीला इथं आणा. बाकी मी बघतो."

काहील बाहेर काढली. ढकलत नेणारे पोहणारे दोघंही तेव्हा गाव सोडून बार्शीकडं गेलेले. अव्वानं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं न बघता घरात जाऊन वल्हं घेऊन आलो.

काहिलीत गुडघ्यावर बसून मी पहिलं वल्हं मारलं आणि काहील जाग्यावर गोल फिरली. दुसरं मारलं, पुन्हा फिरली. काठावर एरवी लोक हसले असते. त्या दिवशी कुणी हसलं नाही. माझी बरगडी दुखायला लागली, कोलंबोत लागली होती तीच जागा. मग मी बाजूला ओढायचं सोडलं. पुढं वाकून, समोरचं पाणी सरळ स्वतःकडं ओढायला लागलो, तेव्हा ती सरळ निघाली. प्रवाहानं बरंच खाली नेलं, पण पलीकडं लागलो.

बहिणीला दाजींनी उचलून आणलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. काहिलीत गोधडी टाकून तिला टेकून बसवलं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला लाकडी फळी घेऊन दाजी. दोघांनी दोन बाजूंनी एकदम ओढलं तरच काहील सरळ जाणार होती. पण दाजींना लय जमेना. मी ओढायचो तेव्हा त्यांची फळी हवेत, त्यांनी ओढलं की मी थांबलेला. काहील पुन्हा गरगरायला लागली. मी ओरडून मोजायला लागलो, पण पुढचं पाणी बघू, ओढू की ओरडू?

तेवढ्यात बहीण बोलली. "अण्णा, तू ओढ. म्या मोजते."

आणि ती मोजायला लागली. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. अव्वाच्याच आवाजात, धान्य मापल्यासारखं. कळ आली की दात आवळून थांबायची, आम्हीही थांबायचो. कळ ओसरली की पुन्हा सुरू. तिचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला होतं, म्हणून तिला आमच्याआधी दिसलं.

"अण्णा, बाभळ येतीय! ओढ, ओढ, ओढ!"

उपटलेली अख्खी बाभळ काट्यांसकट आमच्यावर येत होती. आम्ही जीव खाऊन ओढलं. माझं पातं एकदा घसरलं, तिरकं पाण्यात शिरलं, आणि ती जुनी ओढ मला मनगटात जाणवली. या वेळी मी वल्ह्याशी झगडलो नाही. मूठ सैल सोडली, पाण्यानं आपणहून वल्हं परत दिलं. बाभळ आमच्या मागून गेली. एक फांदी दाजींचं धोतर फाडून गेली, तेवढंच.

काठाला लागलो तेव्हा अव्वा गुडघाभर पाण्यात उभी होती. जी बाई पुराच्या पाण्याला पाय लावत नव्हती ती. तिनं मुलीला धरलं आणि बैलगाडीत घातलं.

डॉक्टर मुसलमान होते. त्या दिवसांत दोन्हीकडचे लोक एकमेकांकडं संशयानं पाहत होते, म्हणून हे सांगावं लागतं. एरवी सांगायचं कारण नव्हतं. दवाखान्याच्या ओसरीवर अप्पा, दाजी आणि मी भिजलेल्या कपड्यांनी बसून राहिलो. आतून बहिणीचा आवाज यायचा, मग येईनासा झाला, आणि ते जास्त वाईट होतं. मग एक बारीक, रागीट रडणं ऐकू आलं. डॉक्टर हात पुसत बाहेर आले. "सब खैरियत. मुलगी आहे. दोघी ठीक आहेत." अप्पा उठले आणि दाजींना घेऊन आत गेले.

पुढच्याच महिन्यात हिंदुस्थानच्या फौजा सोलापूरहून नळदुर्गच्या बाजूनं आल्या आणि थोड्या दिवसांत निजामाचं राज्य संपलं. गावानं गुलाल उधळला. आमच्या छातीवरचं ओझं उतरलं, पण ते दुसऱ्यांच्या छातीवर जाऊन बसलं. आता भीती मुसलमानांच्या घरात होती, आणि ती खोटी नव्हती. आजूबाजूच्या गावांतून वाईट बातम्या येत होत्या. अप्पा कुणाला न विचारता दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना, त्यांच्या बायकोला आणि दोन मुलांना आमच्या घरी घेऊन आले.

संध्याकाळी दुकानासमोर काही माणसं जमली. ओळखीचीच होती. एकजण म्हणाला, "अप्पा, तुमी हे बरं करत न्हाय."

अप्पा उंबऱ्यावर बसून राहिले. "माझी लेक आन नात आत हायती. त्या कुणामुळं हायती ते तुमाला ठाऊक हाय. आत यायचं आसल तर माझ्या अंगावरनं या."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. दाजीही येऊन बसले. माणसं उभी राहिली, आपसात बोलली, आणि एकेक करून निघून गेली. डॉक्टरांचं कुटुंब सगळं शांत होईपर्यंत आमच्याकडंच राहिलं. अव्वाला त्यांच्या बायकोनं सुईदोऱ्याचं नाजूक काम शिकवलं, आणि माझी भाची दोघींच्या मांडीवर आलटून पालटून झोपायची. ज्या दिवशी डॉक्टर परत दवाखान्यात जाऊन बसले आणि पहिला रोगी त्यांच्यासमोर जीभ काढून उभा राहिला, त्या दिवशी मला वाटलं, आता खरंच संपलं.

गाड्या नीट सुरू झाल्यावर अप्पांनीच विषय काढला. "जा पुण्याला. दुकानाचा बंदोबस्त दाजी करतील."

मी गेलो. मास्तरांनी मला बोटीतली माझी जागा दाखवली. त्या जागेवर मधल्या काळात दुसरा कुणी बसला होता. तो आपणहून उठून राखीव गड्यांत गेला, हे मला मागून कळलं. आम्ही आणखी दोन मोसम वल्हवलं. शेवटची शर्यत पुण्यातच होती, आणि कोलंबोचा तोच संघ आमच्याकडं आला होता. अप्पा आयुष्यात पहिल्यांदा शर्यत बघायला आले. डोक्याला स्वच्छ रुमाल, हातात छत्री. मास्तरांनी त्यांना काठावर खुर्ची दिली.

ती शर्यत आम्ही जिंकली. फार फरकानं नाही. बोटीचं नाक पुढं होतं इतकंच. रेषा ओलांडल्यावर चौघंही वल्ह्यांवर कोसळलो. पलीकडच्या बोटीतून त्यांच्या पहिल्या जागेवरच्या गड्यानं हात उंचावला. मी हसलो की रडलो ते आठवत नाही. एवढं आठवतं, की छातीत खूप जागा झाली होती.

काठावर आलो तर अप्पा गोंधळलेले.

"तुमी सगळे पाठ करून बसला होतात," ते म्हणाले. "म्या समजलो, तुमी उलटे चालले. ते दुसरे पुढं गेले म्हणून मला लई वाईट वाटलं."

"ते मागं होते, अप्पा. आम्ही जिंकलो."

"व्हय?" त्यांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी मान हलवली. अप्पांनी छत्री बगलेत धरली, माझे ओले हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. "मग आता जेवायला चला," म्हणाले. "सगळ्यांनीच चला. त्या हरलेल्यांनाबी बोलवा."

ते खरंच आले. खानावळीत लांब पंगत बसली. पुरणपोळी कशी खायची ते अप्पांनी कोलंबोच्या मुलांना खुणांनी शिकवलं, तूप वाढताना कुणाचं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सरावाला उठायचं नव्हतं. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच मी ऊन अंगावर येईपर्यंत झोपलो, आणि अप्पांनी मला उठवलं नाही.